हिरडीच्या रंगाची गिटार

ताईच्या निवृत्तीनिमित्त जमवलेले पैसे मुळात पाय दाबायच्या यंत्रासाठी होते. दादाने ते यंत्र दुकानात जाऊन पाहून ठेवलं होतं. स्वतःचे पाय त्यात दोनदा घालून बघितले होते आणि वॉरंटीच्या अटी त्याला तोंडपाठ होत्या. रविवारी वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या घरी जेवताना त्याने त्या सगळ्या सांगितल्या. ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पाणी प्यायली आणि म्हणाली की तिचे पाय ठणठणीत आहेत, तिला इलेक्ट्रिक गिटार पाहिजे.

मग सगळे एकदम बोलायला लागले. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याने उचलायचं, तिसऱ्याने त्याला विरोध करायचा आणि पहिल्याने पुन्हा मुळापासून सुरुवात करायची, अशीच ह्या घरातली जेवणं होत आली होती. त्या गलक्यातून जे बाहेर आलं ते असं. ताई गेले तीन महिने दर मंगळवारी ज्या 'बोटांच्या व्यायामाला' जात होती, तो व्यायाम म्हणजे गिटारचा क्लास होता. छत्तीस वर्षं दातांच्या प्रयोगशाळेत लोकांच्या कवळ्या घडवून तिची बोटं आखडायला लागली होती. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला. चेंडू दाबून दाबून ताईला स्वतःचीच कीव यायला लागली, म्हणून तिने क्लास लावला. तिथल्या सरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं की ह्या बोटांना इलेक्ट्रिकच बरी. तिच्या तारा बारीक असतात, गिटारच्या मानेला जवळ असतात, हलक्या हाताने दाबल्या तरी चालतात. शिवाय हेडफोन लावला की बाहेर कोणाला काही ऐकू येत नाही.

ह्या शेवटच्या मुद्द्यावर वहिनीचं मत लगेच अनुकूल झालं. वहिनी म्हणजे दादाची बायको. शाळेच्या ग्रंथालयात पंचवीस वर्षं काढल्यामुळे शांततेच्या बाजूने असेल ते तिला पटायचं. पंच्याऐंशीच्या आप्पांना त्या सगळ्यातला 'इलेक्ट्रिक' एवढाच शब्द ऐकू आला. मीटर कोणाचा, एवढंच त्यांनी विचारलं.

शेंड्या तर पहिल्यापासूनच ताईच्या बाजूने होता. शेंडेफळ म्हणून शेंड्या. आता तो पंचेचाळीसचा होता, डोक्यावर शेंडीपुरतेही केस उरले नव्हते आणि स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल चालवत होता. कोणी घाईघाईने बोलायला लागलं की त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर ब्रेक दाबायचा. ताईच्या बाजूने असण्याचं त्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. सहा वर्षांचा असताना त्याने पलंगावर उड्या मारून चादरीखाली ठेवलेली ताईची गिटार मोडली होती. साधी, पोकळ लाकडी पोटाची गिटार. ताईने शिकाऊ असताना तीन महिन्यांच्या पगारातून घेतलेली. आप्पांनी तेव्हा शेंड्याला एक चपराक दिली. ताईने त्यानंतर गिटारचं नाव काढलं नाही, आणि शेंड्याने त्यानंतर ताईचा शब्द खाली पडू दिला नाही. घर बदलताना कपाट खांद्यावर घेऊन तीन जिने चढणारा तोच होता.

पैसे सगळ्यांनी घातले होते, तेव्हा गिटार निवडायला सगळेच जाणार हे ओघानेच आलं. ताईने एकटीने जायचा विषय काढून पाहिला. कोणीही तो ऐकला नाही.

*

शनिवारी सकाळी अकराला शेंड्याच्या शिकाऊ गाडीतून चौघं दुकानासमोर उतरले. आप्पा पायऱ्या उतरायला नको म्हणून घरी थांबले होते.

दुकान अरुंद आणि खोल होतं. दोन्ही भिंतींवर खालपासून वरपर्यंत गिटारी टांगल्या होत्या, आणि मधल्या वाटेतून एका वेळी एकच माणूस जाऊ शकत होता, तोही श्वास आत घेऊन. दुकानदार पन्नाशीचा होता, पांढऱ्या केसांची शेपटी बांधलेला. एका ग्राहकामागे तीन सल्लागार आत आलेले पाहून त्याने उंच स्टुलावरून उतरायच्या आधीच सुस्कारा सोडला.

रक्कम ऐकल्यावर त्याने सरळ सांगितलं, की ह्यात एक तर बरी गिटार येते, नाहीतर बरा अ‍ॅम्प्लिफायर येतो. दोन्ही हवं असेल तर दोन्ही जरा कमीच बरे येतील. आणि अ‍ॅम्प्लिफायरशिवाय इलेक्ट्रिक गिटार म्हणजे तारा बांधलेली फळी.

दादाने मान डोलावली. फळी हा शब्द त्याला आवडला होता. चाळीस वर्षं फ्रिज दुरुस्त करून त्याचं एक मत पक्कं झालं होतं, की वस्तू उचलताना कमरेत कळ आली पाहिजे. हलका फ्रिज म्हणजे पत्र्यात पैसे खाल्ले. म्हणून तो एकेक गिटार हातात घेऊन वजन बघत गेला आणि शेवटी एका काळ्याकुळकुळीत गिटारपाशी थांबला. ती त्याला दोन्ही हातांनी पेलावी लागली. तिच्या पोटावर त्याने बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. पोकळ आवाज आला नाही. सबंध लाकूड, दुकानदार म्हणाला.

"म्हणजे हिच्यावर वजन पडलं तरी काही होणार नाही?"

दुकानदाराने विचारलं, कसलं वजन.

"समजा," दादा म्हणाला, "माणूस बसला."

दुकानदार म्हणाला की तीस वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच आला आहे. त्याने काळी गिटार दादाच्या हातातून अलगद काढून घेतली, वायर जोडली आणि वाजवून दाखवली. ती अप्रतिम वाजली. मग त्याने निळी वाजवली. तीही अप्रतिम वाजली. मग पांढरी. शेंड्याने पांढरीला पसंती दिली आणि तिचा भाव कमी करायला घेतला. वहिनीने ग्रंथालयातून गिटारवरची तीन पुस्तकं आणली होती. त्यांतलं मधलं उघडून तिने पान एकशे चारवरचं वाचून दाखवलं, की नवशिक्याने आवाजावर भाळू नये.

पुस्तकाशी ताई सहमत दिसली. ती इतका वेळ एका कोपऱ्यात, पर्स पोटाशी धरून उभी होती. आता ती म्हणाली, "तुम्ही पोळपाट दिलात तरी चांगलाच वाजवाल. मला त्याचा काय उपयोग? जरा माझ्यासारखं वाजवून दाखवा."

"तुमच्यासारखं म्हणजे?"

"वाईट."

दुकानदाराने प्रयत्न केला. खरोखर केला. दोन ठिकाणी मुद्दाम चुकला, पण त्या चुकासुद्धा कानाला गोड लागत होत्या. त्याने मान हलवली, गिटार मांडीवरून खाली ठेवली आणि कबूल केलं की इतकं वाईट वाजवायला त्याला सराव लागेल. मग ताईने स्वतः वाजवून पाहावं असं त्याने सुचवलं. ताईने दाराकडे पाहिलं, तीन नातेवाइकांकडे पाहिलं आणि नको म्हणाली. नंतर बघू म्हणाली.

दादाने ते पाहिलं आणि काळी गिटार पुन्हा हातात घेतली. ह्या वेळी सगळं नीट व्हायला हवं होतं. ही गिटार मोडता कामा नये, काही झालं तरी. त्याने तिला भिंतीला टेकवून आडवी ठेवली आणि तळहाताने वरून दाब देऊन बघितला.

*

वहिनी पुस्तकाआडून नवऱ्याकडे बघत होती आणि तिला धडकी भरली होती.

दादाने गिटारबद्दलचं ते तिला लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्या वेळी ती हसली होती, आणि मग तो हसत नाही हे पाहून थांबली होती. त्यानंतर तीस वर्षांत त्याने तो विषय काढला नाही, पण खुर्चीवर बसायच्या आधी हाताने ती चाचपून बघायची त्याची सवय काही गेली नाही. पाहुण्यांच्या घरीसुद्धा तो सोफा चाचपायचा. लोकांना वाटायचं, ह्याला धुळीचं वावडं आहे.

आणि आता हा माणूस भर दुकानात विचारत होता की माणूस बसला तर काय.

तिने विषय बदलायचा प्रयत्न केला. पांढऱ्या गिटारवर डाग दिसतील, काळीवर धूळ दिसेल, निळी त्यातल्या त्यात बरी, असं ती भराभरा बोलत गेली. शेंड्याचा पाय जमिनीवर दाबला गेला. निळीची बाजू तिने घेतली म्हणून शेंड्याने पांढरी सोडली आणि निळीला मत दिलं. दोन मतं निळीला झालेली पाहून दादा काळीसाठी आणखीच हटून बसला. त्याने दुकानदाराला पुन्हा विचारलं, ह्या वेळी जरा तपशिलात. समजा गिटार पलंगावर आहे. वर चादर आहे. आणि समजा, कामावरून दमून आलेला, चांगला धडधाकट माणूस तिच्यावर बसला. तर मान आधी तुटेल की पोट?

"अहो," वहिनी म्हणाली.

पण उशीर झाला होता. शेंड्या निळ्या गिटारपासून दूर झाला होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

*

शेंड्याला वाटलं, दादा त्याला टोमणा मारतोय.

आयुष्यभर त्याने हे टोमणे ऐकले होते. तो कुठेही बसायला गेला की कोणीतरी म्हणायचं, आधी खाली बघ. त्याच्या लग्नात आप्पांनी सासऱ्यांना सांगितलं होतं की मुलगा गुणाचा आहे, फक्त वाद्यांपासून लांब ठेवा. त्याचं त्याला वाईट वाटत नसे, कारण त्याने गुन्हा केला होता. पण आज, ताईच्या गिटारच्या दिवशी, परक्या माणसासमोर हे उगाळायची काय गरज होती?

"दादा, पुरे," तो म्हणाला. "मी सहा वर्षांचा होतो."

मग तो ताईकडे वळला. हे त्याने कधीच नीट बोलून दाखवलं नव्हतं, म्हणून त्याला वाटलं की आता बोलूनच टाकावं. तो म्हणाला की त्याला सगळं आठवतं. निळ्या पट्ट्यांची चादर आठवते. पलंगाची करकर आठवते. आणि पायाखाली ते लाकूड मोडल्याचा आवाज आठवतो, आजही कधी कधी गाडी शिकवताना कोणी गिअर चुकीचा टाकला की तोच आवाज कानात येतो. त्याने त्यासाठी मनापासून माफी मागितली. दुकानदाराने स्टूल पुढे सरकवलं, पण शेंड्या बसला नाही.

दादाने काळी गिटार खाली ठेवली.

"तो आवाज तू ऐकलाच नाहीस," तो म्हणाला. "मी ऐकला."

वहिनीने पुस्तक मिटलं.

दादाने सांगितलं ते थोडक्यात असं. तो तेवीस वर्षांचा होता, दुपारी एक फ्रिज चौथ्या मजल्यावर चढवून घरी आला होता आणि न बघता पलंगावर बसला होता. चादर उचलून पाहिलं, पुन्हा नीट पांघरली आणि बाहेर निघून गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा निकाल लागलेला होता. शेंड्या त्याच पलंगावर उड्या मारताना सापडला होता, आणि चपराकही खाऊन झाली होती.

शेंड्याने विचारलं, "मग मला ते आठवतं ते काय आहे?"

त्याने एकेकाकडे पाहिलं आणि वहिनीपाशी त्याची नजर थांबली. वहिनीला खोटं बोलता येत नसे.

"तुम्हालाही माहीत होतं?"

"तीस वर्षं, भावजी," वहिनी म्हणाली.

शेंड्या दुकानाबाहेर गेला आणि गाडीत जाऊन बसला. रागाच्या भरात तो सवयीने शिकवणाऱ्याच्या बाजूला बसला होता. ते त्याच्या लक्षात आलं, पण आता उठून बाजू बदलणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो तसाच, आपल्या बाजूचा ब्रेक दाबून समोर बघत राहिला.

*

ताईला राग आला होता, पण तो कुठे ठेवायचा ते तिला कळत नव्हतं.

"एकोणचाळीस वर्षं मी त्याला माफ करत आले," ती दादाला म्हणाली. "चुकीच्या माणसाला. आता ती सगळी माफी परत घेऊन तुला द्यायची म्हटलं तर कशी देऊ?"

दादाने खाली मान घालून ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की तो त्याच संध्याकाळी सांगणार होता. ताई रडली असती तर सांगितलंच असतं. पण ती रडली नाही. तिने तारा काढल्या, गुंडाळून ठेवल्या आणि जेवायला बसली. "मला वाटलं, तुला फार लागलंय. म्हणून मग धीरच झाला नाही."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. बासष्ट वर्षांचा तिचा भाऊ गिटारींच्या मधल्या त्या बोळात कोंबडीसारखा मान आत घेऊन उभा होता. ही वेळ गप्प राहण्याचीही होती. तिला गप्प राहता आलं असतं, इतकी वर्षं ती राहिलीच होती.

"मला काही लागलं नव्हतं," ती म्हणाली. "मला हायसं वाटलं होतं."

गिटार मोडली त्याच्या पुढच्या शनिवारी तिला तेव्हाच्या गिटारच्या वर्गात सगळ्यांसमोर वाजवायचं होतं. त्या विचाराने तिला चार रात्री झोप नव्हती. चादर उचलली, मोडकी गिटार पाहिली आणि तिच्या छातीवरचा दगड उतरला. भावाने मोडली, असं सांगून ती सुटली. पुढे कोणीही विचारलं की तू वाजवायचीस ना, तर तेच सांगितलं की झालं. सहा वर्षांच्या पोराच्या गालावर चपराक बसत होती आणि ती मनातल्या मनात त्याचे आभार मानत होती. माफीबिफी सगळं नंतर आलं.

दुकानदाराने हळूच विचारलं की जेवणाच्या सुट्टीसाठी दुकान बंद करायचं आहे, तर काही ठरलं का.

दादा एकदम बोलता झाला. काळीच घेऊ, म्हणाला, आणि वरचे पैसे तो एकटा घालेल, अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा सगळ्यात मोठा. ताईने काळी गिटार उचलली, एक डोळा मिटून तिच्या मानेवरून नजर टाकली, जशी ती प्रयोगशाळेत कवळीच्या दातांची ओळ बघायची. मान मध्यावर किंचित वाकलेली होती. एवढा बाक ताईच्या हाताखालून सुटला असता तर कोणाचातरी घास आयुष्यभर एकाच बाजूने चावला गेला असता. तिने ती परत ठेवली. तिला दादाच्या खिशातून काही नको होतं. जेवढे जमलेत तेवढ्यात बसेल ते.

मग ती भिंतीच्या शेवटापर्यंत चालत गेली. तिथे, संडासाच्या दाराशेजारी, एक गिटार टांगलेली होती. कोणी तिच्याकडे पाहिलं नव्हतं, आणि त्याचं कारण उघड होतं. तिचा रंग गुलाबी होता, पण कापडाचा नाही, फुलाचा नाही. तो कवळीच्या हिरडीचा रंग होता. अगदी तोच. ताईने छत्तीस वर्षं हाच रंग साच्यात ओतला होता. दुकानदार म्हणाला की ती दोन वर्षांपासून पडून आहे, रंग पाहून गिऱ्हाइकांना कसंतरीच होतं. शिवाय मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची टोकं कारखान्यात घासलेलीच नाहीत, बोट फिरवलं तर कापतं. त्याने स्वतःच्या अंगठ्यावरचा जुना व्रण दाखवला.

ताईने कडेने अंगठा फिरवला. एक डोळा मिटला. मान सरळ होती.

"हिरडी चांगली आहे," ती म्हणाली. "दात तेवढे घासायचेत."

हिच्याबरोबर छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि वायर बसत होती. दादा म्हणाला की हा रंग बघून आप्पा जेवणार नाहीत. वहिनी म्हणाली की पान साठवर लिहिलंय, घाई करू नये. दोघं पुन्हा एका बाजूला झालेले पाहून ताई दुकानाबाहेर गेली आणि गाडीच्या खिडकीपाशी उभी राहिली.

दादाला सांगितलं ते सगळं तिने शेंड्यालाही सांगितलं. शनिवार, झोप, हायसं वाटणं. शेंड्याने ब्रेकवरचा पाय काढला नाही.

"म्हणजे तीन जणांनी मिळून मला फसवलं," तो शेवटी म्हणाला. "आणि मी कपाटं वाहिली."

"हो," ताई म्हणाली.

"ते कपाट फार जड होतं, ताई."

"मला माहीत आहे. मी मागून बघत होते."

शेंड्याला हसू येत होतं आणि ते त्याला येऊ द्यायचं नव्हतं, त्यामुळे त्याचे गाल विचित्र फुगले. मग तो उतरला, दुकानात गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने दादाला आवाज चढवून सांगितलं. ह्या घरात ज्याने काहीच केलं नाही असा तो एकटा निघाला आहे. तेव्हा आज त्याचं एक मत सगळ्यांच्या मतांइतकं. ताई म्हणेल ती गिटार घ्यायची, आणि बाकीच्यांनी गाडीत बसायचं.

दादा गाडीत जाऊन बसला. बसायच्या आधी त्याने सीट चाचपून पाहिली.

*

घरी आल्यावर शेंड्या चप्पल न काढता आप्पांच्या खोलीत गेला. मोठ्याने, दोनदा, त्याने सगळं सांगितलं आणि त्या चपराकीचं काय ते विचारलं. आप्पांनी विचार केला. ताईनेच बनवलेली कवळी त्यांनी जिभेने जागेवर बसवली.

"तू सहा वर्षांचा होतास," ते म्हणाले. "त्या आठवड्यात तू दुसरं काहीतरी केलंच असशील. ती त्याच्यासाठी धर."

शेंड्याने पुष्कळ आठवून पाहिलं. शेजारच्यांच्या मांजराला त्याने नळाखाली धरलं होतं, ते त्याच सुमाराला. तो बाहेर जाऊन चपला काढून आला.

पुढचे तीन आठवडे आप्पांच्या जेवणाच्या टेबलावर एका टोकाला ताईचं काम चाललं. तिने गिटारच्या तारा उतरवल्या, पट्ट्यांच्या मधल्या लाकडावर चिकटपट्टी लावली आणि कवळ्या घासायच्या बारीक कानशीने एकेक टोक गोल करत गेली. मग सँडपेपर, मग पॉलिशचं छोटं चाक. बोटं आखडली की थांबायची, कोमट पाण्यात बुडवायची, पुन्हा सुरू. प्रत्येक पट्टीवर ती शेवटी जिभेचं टोक लावायला जायची आणि लक्षात येऊन थांबायची. जुनी सवय. अ‍ॅम्प्लिफायर सारखा गुरगुरत होता. तो दादाने उघडला, आतला एक सुटा सांधा जोडला आणि पुन्हा बंद केला. चहा देताना ताईने त्याचा कप आधी भरला. शेंड्या तिथेच असायचा, पण काही उचलायला सांगितलं की म्हणायचा, दादाला सांग. हे त्याने बराच काळ चालवलं.

चौथ्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर गिटार तयार झाली. ताईने अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवला, मग शेंड्याचा अंगठा धरून फिरवला, मग दादाचा. कुठेही अडला नाही.

हेडफोन टेबलावर होता. वहिनीने तो उचलून ताईपुढे धरला. ताईने तो हातात घेतला, पण लावला नाही. तिने वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि खुर्ची ओढून सगळ्यांच्या समोर बसली. तिचे कान लाल झाले होते. डाव्या हाताची बोटं तिने तारांवर ठेवली, आणि चौघंजण तिच्याकडे बघत होते.

तिला दोनच सूर धड येत होते. पहिला वाजला. दुसऱ्यावर जाताना बोटं मध्येच अडकली, एक तार चुकीची लागली आणि खोलीभर एक भेसूर, लांबलचक आवाज पसरला. मग बोटं जागेवर आली आणि दुसरा सूरही वाजला.

आप्पा म्हणाले की हे त्यांना ऐकू आलं. स्वच्छ. कोणीतरी टेबल ओढतंय. शेंड्या म्हणाला की दुसरा सूर चांगला होता, पहिला जरा घाईत झाला. दादाच्या मते बोटं आणखी उभी धरायला हवी होती. वहिनी पुस्तक आणायला उठली, कारण बोटं आडवी धरायची की उभी ह्यावर त्यात एक सबंध प्रकरण होतं, आणि दादाने त्या प्रकरणावर ते न वाचताच आक्षेप घेतला. शेंड्या वहिनीच्या बाजूने गेला. आप्पा पुन्हा टेबलाबद्दल विचारू लागले.

ताईने त्यांचं थोडा वेळ ऐकलं. मग वाकून तिने अ‍ॅम्प्लिफायरचं आवाजाचं बटण शेवटपर्यंत उजवीकडे फिरवलं आणि पहिल्या सुरापासून पुन्हा सुरुवात केली.